पायडलला अडकवलेली पिशवी

एकदा मी दोन नारळ आणि पाण्यानं भरलेला पितळी तांब्या यांचं वजन माझ्या पायांच्या ताकदीतून वजा केलं, आणि त्या वजाबाकीवर विश्वास ठेवून धाकट्या जावेला अर्धा दिवस डोंगरात पळवलं.

वाक्य विचित्र आहे, ठाऊक आहे मला. पण घडलं ते असंच. हा झाला मूर्खपणा. तो मी नातवंडांना जेवताना रंगवून सांगते, आणि ती तोंडातला घास सांभाळत हसतात. त्यापुढचा भाग मात्र मी गिळून टाकते. आज तोही लिहायचा म्हणून बसले आहे.

देशाचे दरवाजे उघडून तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती, आणि त्या दरवाजातून जे जे आत येईल ते खास आपल्यासाठीच आलंय, अशी माझी समजूत होती. आधी परदेशी चॉकलेटं आली, मग केक भाजायची भट्टी आली, मग पोटाला बांधून थरथरायचा पट्टा आला. मी सगळं घेतलं. पट्टा थरथरला, पोट होतं तिथंच राहिलं. मी एका कंपनीच्या हिशोब खात्यात होते. कंपनी मूळची पंप बनवणारी. मग तिला परदेशी भागीदार मिळाला. त्यानं पंख्यांच्या जागी एसी आणले, चहावाल्याच्या जागी मशीन आणलं, आणि एक दिवस सगळ्यांना एकसारखे पिवळे टी-शर्ट वाटून 'फिटनेस' आणला. दर रविवारी सायकली घेऊन शहराबाहेर जायचं ठरलं. पंचेचाळिशी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारी मी सगळ्यात पुढं.

सायकलही साधी नाही. जाड टायरांची, पुढं स्प्रिंग असलेली, डोंगरात चालवायची. आणि तिच्यासोबत लागते ती गादी लावलेली चड्डी. ती मी कुकटपल्लीच्या फ्लॅटच्या गॅलरीत वाळत घातली, तेव्हा सासूबाई जामबागेतल्या जुन्या घरून चार दिवस राहायला आलेल्या होत्या. बराच वेळ चष्मा वर-खाली करून त्यांनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "हे बाळाचं असेल तर बाळ फार मोठं आहे."

एवढ्यावर मी थांबले असते तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती. पण माझा धाकटा भाऊ अमेरिकेत होता आणि त्यालाही सायकलचं वेड. दिवाळीला आला तेव्हा स्वेटरमध्ये गुंडाळून त्यानं माझ्यासाठी एक जुनं पॉवर मीटर आणलं. पायडलच्या दांड्यात बसवायचं ते यंत्र. पाय किती जोर लावतोय ते मोजतं आणि हँडलवरच्या छोट्या पडद्यावर वॅटमध्ये दाखवतं. बल्बवर लिहिलेले असतात तेच वॅट. म्हणजे बाई किती वॅटची आहे ते कळणार. मी एका चढावर वीस मिनिटं जीव तोडून सायकल हाणली, आकडा फोनवरून भावाला कळवला. त्यानं हिशोब करून सांगितलं, "अक्का, लांब पल्ल्याच्या शर्यतीत तू एकशे दहाच्या वर जायचं नाहीस. चढ आला की माणूस चेकाळतो आणि जास्त जोर लावतो. मन खोटं बोलतं, यंत्र बोलत नाही. आणि बसायच्या आधी दर वेळी ते शून्य करायचं. बटण दाबायचं. तेव्हा पायडलवर काही भार नको."

यातलं 'यंत्र खोटं बोलत नाही' एवढंच माझ्या डोक्यात जाऊन बसलं. सायकलच्या हँडलला पांढरी पट्टी चिकटवून मी त्यावर बॉलपेननं ११० लिहिलं. त्या दिवसापासून घरात कुणी काही म्हटलं की मी आकडा विचारायची. नवरा म्हणाला, आज भाजी तिखट आहे. मी म्हटलं, किती? आता आठवलं की वाटतं, त्या बाईच्या पाठीत एक धपाटा घालावा.

पुढच्या साली दसऱ्यानंतरच्या रविवारी शहराबाहेरच्या खडकाळ माळावर एक शर्यत होती. बायकांच्या जोड्यांचीही. दगडधोंड्यांतून, सीताफळीच्या झुडपांतून जाणारी एक मोठी फेरी. अशा सहा फेऱ्या दुपारी तीनच्या आत पुऱ्या करायच्या. अट एकच. जोडीतल्या दोघींनी प्रत्येक फेरीची रेघ एकत्र ओलांडायची. एक थांबली की दुसरीही बाद. ऑफिसातल्या पोरी डांबरी रस्त्यापुरत्या उत्साही. धुळीचं नाव काढताच प्रत्येकीला कुणाचं तरी लग्न आठवलं. तेव्हा मला माझी जाऊ आठवली.

माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. उदगीरकडच्या खेड्यातून पुरुषी सायकलवर टांग टाकून शाळेला जाणारी मुलगी लग्न होऊन जामबागेत आली आणि तिथून बेगम बाजारातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानात. दुकान आजेसासऱ्यांनी निजामाच्या राज्यात टाकलेलं. गल्ल्यावर माझा दीर बसायचा, पण दुकान चालवायची ती. तांब्याचा हंडा वजनाला लावताना घाऊक गिऱ्हाइकाशी तिची जी जुगलबंदी चालायची ती ऐकायला समोरचे हिंगवाले सेठजी आपलं गिऱ्हाईक ताटकळत ठेवायचे. तोंडानं तिखट, हातानं सढळ, आणि हसली की शेजारच्या दुकानात ऐकू जाईल अशी.

मी विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली नाही.

"पुरं करायचं असेल तर येते, ताई. अर्धवट काही नको. दुकानावर पाटी मामंजींच्या नावाची, बिलावर सही ह्यांची. बाजाराला मी नुसती भाभी. एक गोष्ट मला माझ्या पायांनी पुरी करून दाखवायचीय. शेवटपर्यंत नेणार ना मला?"

"नेणार म्हणजे काय! आपल्याकडे यंत्र आहे."

"यंत्र तुमच्याकडं आहे," ती म्हणाली. "माझ्याकडं तुम्ही आहात."

हे वाक्य तेव्हा मला कौतुकाचं वाटलं होतं.

सासऱ्यांनी परवानगी दिली ती नाराजीनंच. "एकदाच. पुरं करून आली तर पुढं बघू. नाही तर ती सायकल गोदामातल्या पोराला देऊन टाकायची." तिची सायकल माझ्या ऑफिसातल्या एकाची जुनी, आम्ही तिच्यासाठी घेतलेली. आणि तिनं काय करावं? सगळ्या बाजाराला सांगून टाकलं. दोन महिने रोज पहाटे ती मुसीच्या काठाकाठानं सायकल हाणून यायची, आणि दुकान उघडताना सेठजी समोरून आपल्या दखनीत ओरडायचे, "क्या भाभी, पहाडां पो सैकल चलाते कते?" कते म्हणजे म्हणे.

"हौ सेठजी. पुरा करके आती. तुम पेढे तयार रखो!"

शर्यतीच्या दिवशी सासूबाईंनी पहाटेच पिशवी माझ्या हातात दिली. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची आणि वाहनांची पूजा झाली होती, पण माझी सायकल तेव्हा दुरुस्तीला. बिनपूजेच्या वाहनावर बसून सुना डोंगरात जाणार, हे त्यांना पटणारं नव्हतं. पिशवीत दोन नारळ, तांब्याभर पाणी फडक्यानं तोंड बांधून, हळदकुंकू, झेंडू, चार लिंबं. "तिथं पोचल्यावर दोघींच्याही सायकलींची पूजा करा. आणि पिशवी जमिनीला टेकवू नका."

माळावर पोचलो तर जिकडेतिकडे सायकली, गाड्या, चिखलाळ लाल माती. मी माझी सायकल सीताफळीच्या झाडाला टेकवली, मागच्या चाकापुढं लिंबू ठेवलं. हँडलला झेंडू बांधायचा तर दोन्ही हात मोकळे हवेत. पिशवी खाली ठेवायची नाही. मग मी ती कुठं अडकवली असेल?

पुढच्या पायडलला.

चाक लिंबानं अडवलेलं, म्हणून पायडल हललं नाही. पिशवी छान लोंबकळत राहिली. मी कुंकू लावलं. तेवढ्यात भोंग्यावरून पुकारा झाला, जोड्यांनी रेघेवर या. माझी धांदल उडाली. आणि भावाची शिकवण आठवली. बसायच्या आधी शून्य करायचं. मी बटण दाबलं. पडद्यावर एक संख्या येते, ती रोज साधारण सारखी असते. त्या दिवशी ती वेगळी आली. मला दिसलं. मी काय म्हटलं असेल मनात? "आज पूजा झालीय, म्हणून."

हे मी लिहिते आहे आणि मला स्वतःचे कान धरावेसे वाटताहेत. हिशोब खात्यात वीस वर्षं काढलेली बाई! कुणी व्हाउचरवर वेगळा आकडा आणला असता तर मी त्याला तीन खुर्च्यांपुढून फिरवला असता.

मग नारळ फोडले, लिंबावरून चाकं नेली, पिशवी गाडीत टाकली आणि निघालो. यंत्राच्या लेखी आता ते लोंबकळणारं ओझं म्हणजेच शून्य होतं. पुढं मी जो जोर लावेन त्यातून तेवढा भाग वगळून ते मला आकडा दाखवणार होतं. मी एकशे तीसच्या जोरानं पायडल मारायची आणि पडदा म्हणायचा, एकशे दहा. मी एकशे दहाला आले की तो म्हणायचा, नव्वद. बाई, झोपलीस की काय?

पहिल्या दोन फेऱ्या झकास गेल्या. आम्ही कितीतरी जोड्यांना मागं टाकलं, आणि मी मनातल्या मनात भावाला शाबासकी देत होते की एवढ्याशा वॅटमध्ये मी इतकी पळते आहे. वाटेतल्या चढावर मोठमोठ्या शिळा होत्या, त्यांच्या मधून लाल मुरमाची अरुंद वाट. मी पुढं, ती मागं. तिसऱ्या फेरीत त्या चढावर तिची पहिली हाक आली.

"ताई, जरा हळू."

"अगं, आरामात चाललोय आपण. एकशे आठ आहे आकडा."

पुढं सपाटीला ती जवळ आली. चेहरा लाल. "ताई, मला हे आरामाचं वाटत नाही. हे आपण शेवटचा चढ मारतो तसं चाललंय."

"मन खोटं बोलतं," मी भावाचं वाक्य तिच्या अंगावर टाकलं. "यंत्र बोलत नाही."

"तुमच्या यंत्राला दम लागत नाही, ताई. मला लागतो."

मी हसले. आणि खरी गोष्ट सांगायची तर तेव्हा माझीच छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती. मांड्या पेटल्या होत्या. पण पडद्यावर एकशे दहा होतं, म्हणून मला दमायची परवानगी नव्हती. आपण दसऱ्याला श्रीखंड जास्त खाल्लं, असं मी स्वतःला समजावलं. स्वतःच्या श्वासावर जिनं विश्वास ठेवला नाही ती जावेच्या श्वासावर कशी ठेवणार?

चौथ्या फेरीत तिनं आणखी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा मी मागं वळूनही पाहिलं नाही. हात उंच करून नुसतं 'चल' असं खुणावलं. ती खूण मला अजून दिसते. बसचा कंडक्टर करतो तशी.

पाचव्या फेरीत शिळांच्या चढावर मागून सायकल पडल्याचा आवाज आला. मी उतरून मागं गेले. ती एका खडकाला धरून ओकत होती. मग खाली बसली आणि तिच्या दोन्ही पिंढऱ्यांत असे गोळे आले की तिनं ओठ दातांखाली धरला, पण आवाज काढला नाही. मी पाणी दिलं, पाय चोळले. थोड्या वेळानं ती उठली. सायकल हातात धरून लंगडत चढ चढली, वर जाऊन पुन्हा टांग टाकली, पुन्हा उतरली. वेळ तर भरपूर होता. आधीच्या फेऱ्या आम्ही इतक्या जोरात काढल्या होत्या की एखाद्या चालत्या म्हशीच्या वेगानं गेलो असतो तरी सहावी फेरी झाली असती. पण तिच्या पायांत आता म्हशीएवढाही वेग उरला नव्हता. पाचव्या फेरीची रेघ आम्ही ओलांडली ती दोघी सायकली ढकलत. तिथला पोरगा म्हणाला, "मॅडम, आप लोग बस करो." तिनं मान हलवली, सहावी सुरू केली. पन्नास-साठ पावलांवर ती खाली बसली ती बसलीच.

आता सांगायचं ते हे.

आजूबाजूला माणसं होती. दुसऱ्या जोड्या होत्या, ऑफिसातली चार माणसं होती, माझा दीर त्यांच्या दोन्ही पोरांना घेऊन आला होता. पोरांच्या हातात झेंडूचे हार. आणि मी, थोरली जाऊ, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाले, "झेपेल तेवढंच बोलावं माणसानं. बाजारभर सांगत कशाला फिरायचं?"

ती बुटाची नाडी सोडत होती. तिचा हात थांबला. धाकटा पोरगा हार घेऊन पुढं आला, त्याला तिनं जवळ ओढलं आणि तो हार त्याच्याच गळ्यात घातला.

संध्याकाळी कुकटपल्लीला गॅलरीत मी सायकल पुसत होते. मनातून रागच होता, माझी शर्यत बुडवली म्हणून. पुसता पुसता सवयीनं बटण दाबलं. संख्या आली. रोजची. सकाळची नाही, रोजची.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा तीच. मग सकाळी वेगळी का आली होती? सकाळी काय वेगळं होतं? आणि मला ती पिशवी दिसली. स्वयंपाकघरात जाऊन मी तीच पिशवी आणली, तांब्या भरून आत ठेवला, फुटलेल्या नारळांच्या जागी किलोभर कांदे घातले, मागच्या चाकापुढं वीट ठेवली आणि पिशवी पायडलला अडकवली. बटण दाबलं. सकाळची संख्या माझ्याकडं बघत होती.

नवऱ्यानं आतून विचारलं, "काय करतेस गं?"

"काही नाही. कांदे वाळत घालते."

कांदे वाळत घालते! त्या माणसाचा माझ्या वेडेपणावर इतका विश्वास की त्यानं पुढं काही विचारलं नाही.

तेव्हाच फोन करायला हवा होता. जामबागेत फोन दिवाणखान्यात होता, हाकेच्या अंतरावर ती असणार. मी रिसीव्हर उचलला आणि ठेवला. उद्या करू म्हटलं. उद्या ऑफिस. ऑफिसात जेवणाच्या वेळी एकीनं विचारलं, "काय झालं हो काल? तुम्ही तर काय सुरेख चालला होतात." मी डबा उघडत म्हटलं, "काय सांगू. माझे आकडे अगदी शिस्तीत होते. जाऊबाईंना झेपलं नाही."

माहीत असून म्हटलं. पिशवीचा प्रयोग करून झाल्यावर, कांदे परत टोपलीत टाकून झाल्यावर म्हटलं. शर्यतीत बोलले ते अज्ञानानं. डबा उघडताना बोलले त्याला काय नाव द्यायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरवायचं टाळते, असं म्हणा.

दिवाळीच्या आधी मी बेगम बाजारात गेले. निमित्त डब्यांचं. मनात होतं की एकटी सापडली तर सांगून टाकू. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. हळदीची, धन्याची, वेलदोड्यांची पोती, त्यांतून वाट काढणाऱ्या हातगाड्या. मी दुकानाच्या पायरीवर पोचले तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला परात मोजून देत होती. आणि समोरून सेठजींचा आवाज आला, सगळ्या गल्लीला पुरेल असा. "भाभी, बर्तनां पक्के, टांगां कच्चे!"

गल्ली हसली. हळदवाला हसला, दोरीवाला हसला. तीही हसली. पण ते तिचं हसणं नव्हतं. शेजारच्या दुकानात ऐकू गेलं नसतं.

"रोज चाललंय का हे?" मी विचारलं.

"चालायचंच. पेढे ठेवा म्हणून मीच सांगितलं होतं ना." तिनं परात गिऱ्हाइकाच्या हवाली केली. "सायकल गेली गोदामातल्या पोराकडं. चांगली चालवतो. तुम्हाला डबे कसले दाखवू? कडीचे का साधे?"

मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसले. कडीचे म्हणाले. मग साधे म्हणाले. तिनं दोन्ही पुढ्यात मांडले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, डबे घ्यायला आला नाहीत तुम्ही."

मग मी सांगितलं. पुटपुटतच. पिशवी, लिंबू, बटण, संख्या. एकशे दहा म्हणजे एकशे तीस होतं. तुझे पाय कच्चे नव्हते, मीच तुला सबंध वेळ चढावर असल्यासारखं पळवलं. ती ऐकत होती. मध्येच विचारलं, "केव्हा कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

मी डब्याच्या झाकणावर माझं वाकडंतिकडं तोंड बघत होते.

"मोठ्यानं सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"सेठजी कानानं जरा अधू आहेत. आणि हळदवाला लांब बसतो. मला सांगून काय उपयोग? मी तर तिथंच होते."

"अगं, बाजारात..."

"तुम्ही मला बोललात ते काय देवघरात?"

मी उठले. दुकानाच्या वरच्या पायरीवर उभी राहिले. आयुष्यात सभेत बोलले नव्हते, ती सभा मला बेगम बाजारात, दिवाळीच्या गर्दीत मिळाली. माझी हिंदी शाळेतली. जावेला हिंदीत काय म्हणतात तेही आठवेना. "सेठजी," मी ओरडले, "मेरी जाऊ का पाँव कच्चा नहीं है. मेरा मशीन गलत था. मैंने गलत किया. वो धीरे बोली, मैंने सुना नहीं."

सेठजींनी हिंगाचा खडा खाली ठेवला. "मशीन को क्या हुआ?"

आता तेही सांगणं आलं. सांगितलं. हळदवाला आपलं दुकान सोडून जवळ आला. दोरीवाल्यानं मागच्या माणसाला समजावलं. बातमी पोत्यांवरून उड्या मारत गल्लीच्या टोकाला पोचली आणि मग तिथून जे हसू उठलं ते माझ्यापर्यंत यायला थोडा वेळ लागला, पण आलं ते अंगावर पाणी ओतावं तसं आलं. "मशीन को नारियल चढाये कते!" कुणीतरी म्हणालं. एका हमालानं डोक्यावरचं पोतं सांभाळत मला हात जोडले.

"मतलब टांगां पक्के थे?" सेठजींनी खात्री करून घेतली.

"हौ," मी म्हणाले. "पक्के थे."

त्यांनी मान डोलावली, हिंगाचा खडा पुन्हा उचलला आणि कामाला लागले. बाजाराचं काय, दुसऱ्या दिवशीपासून ती थट्टा माझ्या नावावर फिरू लागली. पुढं कितीतरी वर्षं मी त्या गल्लीत शिरले की कुणीतरी नारळाचा भाव विचारायचं. ते ठीकच झालं. पण सासऱ्यांनी एकदा दिलेली सायकल परत मागितली नाही, आणि ती शर्यत तिच्या नावावर अपुरी ती अपुरीच राहिली. मी ऑफिसातही सांगितलं, पण ते आठ दिवसांनी, आणि तेव्हा कुणाला त्यात रस उरला नव्हता.

त्या दिवशी मी डबे न घेताच निघाले. ती रिक्षापर्यंत सोडायला आली. गर्दीतून माझ्यापुढं चालत, खांद्यानं वाट काढत. मागं वळून दोनदा पाहिलं, मी येते आहे ना म्हणून. मला ते जास्त लागलं. रिक्षात बसले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी काहीतरी क्षमाबिमा मागायला तोंड उघडलं. तिनं रिक्षाच्या दांडीला हात धरला, आत वाकली आणि म्हणाली,

"पुढच्या वेळी पुढं मी राहणार, ताई. तुम्ही माझ्या मागं यायचं. दम लागला की हाक मारा, लाजू नका. थांबायचं का नाही, ते मी तेव्हा बघीन."